लढाई संपू नये म्हणून

विहीणबाई, कावळा शिवला नाही.

तुमच्या माघारी काय काय झालं ते तुम्हाला सांगणार कोण, मीच ना. इतकी वर्षं रोज दुपारी तुमच्यासमोर बसून वाचत आले, बोलत आले. आता एकदम गप्प बसायचं तर तोंडाला सवय नाही. म्हणून लिहिते. मी शाळेत गेले नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या प्रवीणच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांवर अक्षरं गिरवली, पुढं किराण्याच्या पुड्या वाचून वाचून नजर बसली. तेव्हा शुद्धलेखन बघू नका.

तर दहाव्याला आम्ही तापीकाठी गेलो होतो. तुमचे दीर भिकाआप्पा गावाहून आले होते, पिंड त्यांनीच ठेवला. भातावर दही, बाजूला कळण्याची भाकर आणि ठेचा, ते तुमच्या मनीषानं पहाटे उठून केलेलं. कावळे होते. सुरतेत कावळ्यांना तोटा नाही. एक तर भिंतीवर अगदी पिंडासमोर येऊन बसला, मान वाकडी करून बघायला लागला, आणि बघतच राहिला.

गुरुजी म्हणाले, "मनात काही राहिलं असेल. बोला कोणीतरी."

मग सुरू झालं. आप्पा म्हणाले, "वहिनी, गावचं घर विकत नाही मी, यंदा पत्रेसुद्धा बदलतो." कावळा हलला नाही. प्रवीण हात जोडून पुढं झाला, "आई, मनीषाची काळजी करू नका, मी आहे." कावळ्यानं चोच भिंतीला घासली. मनीषा नुसती भाकरीकडे बघत उभी. आणि मग तुमच्या शेजारची शोभा, तिला कुठं काय बोलावं कळत नाही असं तुम्हीच म्हणायचात, ती मोठ्यानं म्हणाली, "अहो, त्या चाच्यांच्या पुस्तकाचं सांगा ना! अर्धं राहिलंय म्हणून जीव अडकला असंल मावशीचा!"

एकदोघांना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. मग सगळ्यांनाच ते पटायला लागलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पा म्हणाले, "बोला की विहीणबाई. पूर्ण वाचून काढते म्हणा. त्यात आपलं काय जातं?"

मी नाही बोलले.

ऊन चढलं. कावळा उडाला आणि पलीकडे दुसऱ्याच कोणाच्या पिंडावर उतरला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही अंघोळी करून निघालो. येताना रिक्षात मनीषा माझ्याच शेजारी बसली होती, पण तिचं तोंड सगळा रस्ता बाहेर होतं.

मी का नाही बोलले ते तुम्हाला सांगायचं आहे. पण ते सांगायचं तर आधीचं सगळं आलं, आणि मला सरळ सांगता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कात्रीनं खूण करायचात, मुद्द्यावर या म्हणून.

आमचे व्याही गेले तेव्हा तुम्हाला आणायला मी आणि प्रवीण गावी आलो होतो. तुम्हाला मुलगा नाही, एकटी मनीषा. तुम्ही ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "येते. पण लेकीच्या घरात राहणार नाही." आपल्याकडे आईबाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. लेकीला मूल झालं की ती अट सुटते. मनीषाला मूल झालं नाही, तेव्हा अट तशीच राहिली, आणि तुम्ही गोडादऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत खोली घेतलीत. मला वाटलं, दोन महिने पाळतील आणि सोडतील. सुरत आहे ही, इथं कोण बघायला येतंय.

तुम्ही आमच्याकडे आलात ते पिशवीत पाण्याची बाटली घेऊन. ती मी पहिल्यांदा बघितली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अहो, तुमच्या नळाला आणि आमच्या नळाला एकाच टाकीचं पाणी येतं!"

"टाकी सरकारची आहे," तुम्ही म्हणालात. "माठ मनीषाचा आहे."

 

पुस्तकं प्रवीणनं आणली. कतारगामला कोणी मराठी माणूस घर रिकामं करून गावी चालला होता, त्यानं पाच जाडजूड भाग रद्दीत काढले होते. प्रवीण कडोदऱ्याच्या मिलमधून येताना ते गाडीवर बांधून घेऊन आला. "आई, घे. वर्षभर पुरेल." पुरलं की. वर कितीतरी वर्षं गेली आणि पाचवा भाग अजून अर्धा आहे.

पहिल्या भागाचं मला वेड लागलं होतं, ते खोटं कशाला सांगू. मी जन्मात असलं काही वाचलं नव्हतं. पोथ्या वाचल्या, दिवाळी अंक वाचले, पण हे भलतंच. नुसता समुद्र, आणि त्यात दोन बेटं एकमेकांशी लढताहेत. कशावरून लढताहेत ते कोणाला आठवत नाही. आजोबा तोफेवर होते म्हणून बाप तोफेवर आणि बाप म्हणून पोरगा. आणि मधे हे चाचे, जो जास्त देईल त्याच्याकडून लढणारे, पण त्यांचेही आपले कायदे, आपली कुलदैवतं, मेलेल्या माणसाचं नाव जहाजाच्या लाकडात कोरायची रीत. एक म्हातारी चेटकीण वारा बांधून ठेवायची. मी तुम्हाला ते सांगायला लागले तर तुम्ही म्हणालात, "असं अर्धंमुर्धं नका सांगू. वाचूनच दाखवा."

तेव्हा आपण दोघी साड्यांचं काम घेत होतो. भरतकामाच्या साडीच्या मागच्या बाजूला जे सुटे धागे लोंबतात ते कापायचे. मार्केटमधून गठ्ठा यायचा, कापून झाला की परत जायचा. मी म्हटलं, वाचत बसले तर माझ्या साड्या कोण करील? तुम्ही माझा गठ्ठा सरळ आपल्याकडे ओढलात. "तुम्ही वाचा. तुमच्या वाट्याच्या मी करते." तेव्हापासून तो नियमच झाला. मी भिंतीला टेकून वाचायचे, तुम्ही दाराकडे तोंड करून दोघींचे धागे कापायच्या. ते परदेशी नावाचे सरदार काही तुमच्या ध्यानात राहायचे नाहीत. तुम्ही प्रत्येकाला गावातला एकेक माणूस लावून टाकला होता. एका सेनापतीला तर तुम्ही तुमच्या गावच्या पिठाच्या गिरणीवाल्याचं नाव दिलंत, कारण तोही बोलताना थुंकी उडवायचा. मग मलाही तो सेनापती तसाच दिसायला लागला. किल्ला पडतोय, हजारो माणसं मरताहेत आणि हा पीठ माखून उभा.

डुमसला गेलो होतो ते आठवतं का? मीच हट्ट केला होता. इतकी वर्षं सुरतेत काढून समुद्र बघितला नाही म्हणजे काय, आणि रोज तर समुद्राचंच वाचतोय. प्रवीणनं रविवारी रिक्षा केली. तुम्ही पदर खोचून त्या काळ्या वाळूत उभ्या राहिलात. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं, मधे नुसता चिखल.

"हाच का तो?" तुम्ही विचारलंत.

"हाच."

"ह्याच्यासाठी मारामारी चाललीय त्यांची?"

मनीषा इतकी हसली की खाली बसली. मग तुम्ही कनवटीचे पैसे काढून आम्हा सगळ्यांना टोमॅटोची भजी घेऊन दिलीत आणि स्वतःही खाल्लीत, मनीषाच्या शेजारी बसून, तिच्याच द्रोणातली एक उचललीत. तिनं ते बघितलं आणि मी बघितलं. लेकीचं घर नव्हतं ना ते. उघड्यावर चालत होतं तुम्हाला. त्या दिवशी तुम्ही अंधार पडेपर्यंत बसलात, उठायची घाई नाही केली. परत येताना रिक्षात मनीषाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलात, आणि ती बिचारी हलायला तयार नाही, हात बधिर झाला तरी.

तिसऱ्या भागापासून मला कंटाळा यायला लागला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. किती लढायचं माणसांनी? एक बेट घेतलं की दुसरं जातं, चांगला म्हणून जीव लावावा तो शंभर पानांनी मरतो, त्याच्या जागी त्याचा भाऊ येतो. ह्यांच्या लूमसारखं वाटायला लागलं मला ते. आमच्या ह्यांनी उभा जन्म लूमवर काढला, धागा तुटला की जोडायचा आणि परत चालू करायचं, कापड कुठं गेलं ते विचारायचं नाही. ऐकू येईनासं झालं त्यांना शेवटी. तशी मी झाले होते. वाचत होते पण आत काही जात नव्हतं. एकदा म्हटलंसुद्धा, "शेवटचं पान बघून घेऊ का? कोण जिंकलं ते कळलं की सुटलो." तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. चांगली लागली होती.

"एवढी घाई कसली? होईल सावकाश."

तुम्हाला इतकं आवडतंय तर वाचू, असं म्हणून मी वाचत राहिले.

आणि आवडतंय म्हणावं तर लढाई सुरू झाली की तुमची कात्री थांबायची. मान खाली. तोफा धडाडताहेत, शिडं पेटली आहेत, आणि तुम्ही साडी मांडीवर धरून घोरताय. मी थांबले की लगेच जाग्या व्हायच्या. "वाचा ना, ऐकतेय मी." काय झालं सांगा म्हटलं तर, "गिरणीवाला पळाला." तो दर वेळी पळालेला असायचाच, त्यामुळे तुमचं उत्तर चुकायचं नाही.

एकाच जागी तुम्ही टक्क जाग्या होता. चौथ्या भागात. चाच्यांच्या कप्तानाचं जहाज भर समुद्रात अडकलं, वारा पडला, पिपं कोरडी झाली. तेव्हा शत्रूचं जहाज जवळ आलं आणि त्यांनी गोड्या पाण्याची पिपं दोरानं सोडली. पण त्या चाच्यांचा कायदा असा की ज्या जहाजाचं पाणी प्यायलं त्या जहाजाचे तुम्ही झालात. कप्तान काही पीत नाही. ओठ फाटले, जीभ सुजली, तरी नाही. मी पुस्तक खाली ठेवलं.

"मूर्ख आहे मेला," मी म्हटलं. "समोर पाणी आहे तर प्यावं माणसानं. कायदा काय, माणसांनीच केलाय."

तुम्ही हातातला धागा कापलात. मग म्हणालात, "त्याला तहान लागली नसंल असं वाटतं का तुम्हाला?"

"लागली ना? मग!"

"पिला तर मग त्याचं स्वतःचं जहाज कोणाचं म्हणायचं?"

"जहाज खड्ड्यात गेलं. जीव महत्त्वाचा का जहाज?"

"तुम्हाला कळायचं नाही," तुम्ही म्हणालात. "तुम्हाला मुलगा आहे."

तो वाद आपण कितीतरी दिवस ओढला. तुम्ही पायरीवर भेटलात तरी मी म्हणायचे, पिला का तुमचा कप्तान? तुम्ही मान हलवायच्या. आणि त्या लेखकानं काय करावं, पुढच्या प्रकरणात सरळ दुसऱ्याच बेटावर गेला तो, तिथं कोणाचं तरी लग्न. कप्तानाचं काय झालं ते अजून आलेलं नाही. तुम्ही भडकलात त्या लेखकावर. मी तेव्हा तुमच्या बाटलीकडे बघितलं, ती तुमच्या गुडघ्याशी उभी होती. मला म्हणायचं होतं, विहीणबाई, मूल होवो न होवो, तुम्ही घोटभर पाणी प्या हो तिच्या हातचं. ओठावर आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर मूल नाही हे तोंडानं बोलावं लागलं असतं, आणि आपण दोघींनी ते इतकी वर्षं बोललं नव्हतं.

मला कळलं ते मनीषाला ताप आला त्या दिवशी. ती एरवी मार्केटमध्ये बिलं बनवून सात वाजेपर्यंत येते, त्या दिवशी उन्हातच परत आली. आपण एका मोठ्या लढाईच्या ऐन मधे होतो. जिन्यात तिच्या चपला वाजल्या आणि तुम्ही हात पुढं करून पुस्तक मिटवलंत. वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाहीत. "उनी का वं?" म्हणत तुम्ही दाराशी. रोज तेच म्हणायचात तुम्ही, आलीस का गं, एवढंच. तिच्या कपाळाला हात लावलात, झोप म्हणालात, पायाशी चादर सारखी केलीत, आणि पिशवी उचलून निघालात.

मग मला मागचं एकेक आठवायला लागलं. लग्नसराईत मार्केट उशिरापर्यंत चालायचं तेव्हा तुम्ही म्हणायच्या, "मागचं पान परत वाचा, नीट कळलं नाही मला." एकच पान मी तीनतीनदा वाचलंय. मला वाटायचं, वय झालं यांचं. आणि रविवारी मनीषा दिवसभर घरी असायची तर तुम्ही फिरकायच्या नाहीत. रविवारी घरात पंगत बसते ना. आलं की पाट मांडणार, ताट वाढणार, आणि तुम्ही नको म्हणणार, आणि तिचं तोंड उतरणार. कामाच्या दिवशी मात्र यायला कारण होतं. विहिणीकडे पुस्तक ऐकायला गेले होते, साड्यांचं काम होतं, मुद्दाम लेकीकडे गेले नव्हते. आणि ती आली की चूल पेटायच्या आत निघायचं. तिचं तोंड बघायचं, उनी का वं म्हणायचं, आणि जायचं. एवढ्यासाठी तुम्ही ती सगळी बेटं, ती गलबतं, तो गिरणीवाला, सगळं सहन करत होता.

मग मीही सावकाश वाचायला लागले. तुम्हाला ते कळलं होतं. एकदा तुम्ही म्हणालात, "आजकाल तुम्ही फार छान वाचता, सावकाश." आणि धागा कापलात.

पण मनीषाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर रोज काय? आई घरात आहे, सासूजवळ बसून गोष्ट ऐकतेय, आणि मी आत पाऊल टाकलं की उठून चालली.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुम्ही तिच्या हातचं पाणी प्यायलात. चमच्यानं पाजत होती ती, आणि तुम्ही गिळत होता. मी पायाशी उभी होते. मला वाटलं तुम्ही आता काहीतरी बोलाल तिला. तुम्ही नुसत्या बघत होता तिच्याकडे, आणि तिला वाटलं, शुद्ध नाही.

हे सगळं घेऊन मी त्या दिवशी तापीकाठी उभी होते, विहीणबाई. आणि आप्पा म्हणतात, पूर्ण वाचून काढते म्हणा. कसं म्हणू? लढाई संपवते म्हणून तुम्हाला वचन देऊ? जी लढाई संपू नये म्हणून तुम्ही रोज बाटली भरून जिना चढत होता? तुमची दुसरी जी इच्छा होती, आपण दोघींनी कधी न बोललेली, ती सगळ्यांच्या पुढं ओरडून सांगण्यासारखी नव्हती. मग गप्प राहिले. कावळा न शिवता गेला तर गेला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मनीषा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्याशी ती कधी चढ्या आवाजात बोललेली नाही, तुमचीच शिकवण.

"एक शब्द बोलल्या असत्या तर काय झालं असतं, आई?"

"खोटं बोलले असते."

"खोटं कसलं? पुस्तकच तर वाचायचं होतं. मायचा जीव त्या पुस्तकातच होता. मला का माहीत नाही? तुमच्यापाशी तीन-तीन तास बसायची. माझ्यापाशी कधी बसली? मी आले की उठली, मी आले की उठली. जशी काय मी..."

मी तिला खाली बसवलं. म्हटलं, "तुझी माय पुस्तकासाठी येत नव्हती गं."

"मग थांबायची का नाही?"

"थांबली असती तर तू ताट वाढलं असतंस."

मी मग सांगितलं सगळं. मागचं पान परत वाचायचं, रविवारचं, तापाच्या दिवशीचं. ती मधेच म्हणाली, "म्हणजे मला मूल झालं असतं तर..."

"असं म्हणायचं नाही."

"पण तसंच ना?"

"तिनं ते कधी तोंडातून काढलं नाही. तूही काढू नकोस. रीत होती, ती तिला मोडता आली नाही. आणि तुला बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. दोन्ही सांभाळून तिला जेवढं जमलं तेवढं तिनं केलं."

"मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

सांगितलं असतं तर मनीषानं दुसऱ्याच दिवशी तुम्हाला अडवलं असतं, थांब म्हणाली असती, रडली असती, आणि तुम्ही यायच्या बंद झाल्या असत्या. तुमचा स्वभाव मला माहीत होता. मी तिला तसं म्हटलं. तिला पटलं की नाही कोण जाणे. उठून भांडी घासायला गेली आणि बराच वेळ एकच पातेलं घासत होती.

तुमच्या खोलीत साड्यांचा एक गठ्ठा तसाच पडून होता, तो शेठला परत द्यायचा राहिला होता. काल रविवार होता. प्रवीण जादा पाळीला मिलमध्ये. जेवणं झाल्यावर मनीषा तो गठ्ठा घेऊन आली आणि तुमच्या जागेवर बसली, दाराकडे तोंड करून. तिला ते काम येत नाही, धाग्याबरोबर साडीही कापील अशी कात्री धरते. पाचवा भाग माझ्यापुढं ठेवला.

"वाचा."

मी चष्मा लावला. आपण सोडलं होतं तिथून सुरुवात केली. नवा राजा गादीवर बसला होता, त्याच्या मामानं आरमार फोडलं होतं, आणि उत्तरेकडून कोणी तिसराच सैन्य घेऊन येत होता. मी वाचत होते. ती ऐकत होती, निदान मान तरी हलवत होती. पान उलटलं. परत तोफा.

"आई," ती म्हणाली, "हे मायला आवडायचं?"

"लढाई आली की झोपायची."

तिनं कात्री खाली ठेवली. "झोपायची?"

"घोरायची चांगली."

मग ती हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता पदर डोळ्याला लावला, परत हसली. "आणि तुम्हाला? तुम्हाला तर आवडतं ना?"

"मला तिसऱ्या भागापासून कंटाळा आलाय."

माझ्या मांडीवरून पुस्तक उचलून तिनं मिटलं, खूणसुद्धा घातली नाही, आणि बाजूला ठेवलं.

"राहू द्या मग," ती म्हणाली. "नुसत्या बसा माझ्याजवळ."

बसले. तिनं एक साडी पुरी केली, दुसरी घेतली. मी तिला कात्री कशी धरायची ते दाखवलं. बाहेर पोरं खेळत होती, शोभा कोणाला तरी ओरडत होती. मला खरंच फार दमल्यासारखं झालं होतं, आणि ते दमणं तिच्याजवळ बसून काढता येत होतं.

युद्ध तिथंच आहे, विहीणबाई. कोण जिंकणार ते मला माहीत नाही. तुम्ही विचारणार नाही, एवढं माहीत आहे.